धागा: अ‍ॅओर्टिक झडप बदलायची ठरली. कुठली, कशी आणि दुसऱ्या वेळचं काय?

गावाकडचा_दवाखाना (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कागल, राधानगरी, गगनबावड्याकडून कोल्हापुरात इकोला (हृदयाच्या सोनोग्राफीला) पाठवलेले पेशंट रिपोर्ट घेऊन परत आमच्याकडेच येतात आणि विचारतात, "डॉक्टर, गोळ्यांवर भागंल का?" सिव्हियर अ‍ॅओर्टिक स्टेनोसिस (हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी झडप फार अरुंद होणं) असेल तर त्याचं उत्तर "नाही" एवढंच आहे. पण पुढचे प्रश्न सोपे नसतात. म्हणून एक नमुना रिपोर्ट ठेवतो, त्यावर जाणकारांनी लिहावं.

समजा बाई ६६ वर्षांची, वजन ४८ किलो, बीएसए (शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ) १.५ चौ. मीटर. इकोत झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा कमाल वेग ४.४ मीटर प्रति सेकंद, मीन ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला सरासरी फरक) ४६, झडपेचं क्षेत्रफळ ०.६१ चौ. सेंमी, ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं) ६०. हिमोग्लोबिन १०. मिसरी लावते, चार दाढा किडलेल्या. "तक्रार काही नाही" असं सांगते.

शेवटच्या वाक्याबद्दल मीच आधी लिहितो. "दम लागतो का" असं विचारून उपयोग नाही, कारण माणूस नकळत स्वतःची कामं कमी करतो. विचारायचं ते असं: जोतिबाच्या पायऱ्या गेल्या वर्षी चढलात का, यंदा गाडी वरपर्यंत का नेली? रंकाळ्याला अर्ध्यातच कट्ट्यावर का बसता? घरातल्यांना विचारलं की खरं उत्तर येतं. तक्रार सुरू झाली की घड्याळ पळायला लागतं. रॉस आणि ब्राउनवाल्ड यांनी १९६८ साली मांडलेला हिशेब अजून सांगितला जातो: झडप न बदलल्यास छातीत दुखायला लागल्यापासून सरासरी ५ वर्षं, चक्कर येऊन पडायला लागल्यापासून ३, हार्ट फेल्युअर झाल्यावर २.

इको_रूम

धागा चांगला आहे, पण आधी रिपोर्ट तपासू. सिव्हियर म्हणण्याचे तीन आकडे: वेग ४ किंवा जास्त, मीन ग्रेडियंट ४० किंवा जास्त, क्षेत्रफळ १ किंवा कमी. इथे तिन्ही जुळतात, त्यामुळे वाद नाही.

पण क्षेत्रफळ येतं कसं ते माहीत असावं, कारण चूक तिथेच होते. झडपेच्या खालच्या नळीचा, म्हणजे एलव्हीओटीचा, व्यास मोजायचा, त्यावरून वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायचं, त्याला तिथल्या व्हीटीआयने (एका ठोक्यात रक्त किती अंतर जातं तो आकडा) गुणायचं आणि झडपेवरच्या व्हीटीआयने भागायचं. या बाईंचा व्यास १.८ सेंमी धरला तर क्षेत्रफळ २.५४. गुणिले २४, भागिले १००, म्हणजे ०.६१. तोच व्यास कुणी २.० मोजला तर उत्तर ०.७५ येतं. दोन मिलिमीटरची चूक, पण वर्ग होत असल्याने उत्तर पाव पटीने हलतं. म्हणून व्यासाचा अजिबात संबंध नसलेला आकडा जोडीला बघावा: दोन व्हीटीआयचं गुणोत्तर. २४ भागिले १०० म्हणजे ०.२४. ०.२५ च्या खाली असेल तर सिव्हियर.

दुसरी चूक वेगाची. डॉपलरचा (रक्ताचा वेग मोजणाऱ्या ध्वनिलहरींचा) किरण रक्ताच्या धारेला तिरका पडला तर वेग कमीच दिसतो, जास्त कधीच दिसत नाही. नुसतं अ‍पेक्सवरून (हृदयाच्या टोकावरून) बघून थांबू नये. पेशंटला उजव्या कुशीवर वळवून स्टर्नमच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) उजवीकडून पेन्सिल प्रोब लावावा. बऱ्याच वेळा जास्तीत जास्त वेग तिथे सापडतो. रिपोर्टमध्ये "राइट पॅरास्टर्नल घेतलं" असं लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा, लाजू नका.

गावाकडचा_दवाखाना

आणि आकडे एकमेकांशी भांडत असतील तर? क्षेत्रफळ ०.८, पण ग्रेडियंट फक्त २८?

इको_रूम

ही खरी डोकेदुखी. आधी माप चुकलं का ते बघा, आणि बीपी जास्त असताना इको केला असेल तर बीपी उतरवून परत करा. मग ईएफ बघा. ईएफ ५० च्या खाली असेल तर दमलेलं हृदय जोरच लावू शकत नाही, म्हणून ग्रेडियंट कमी. तिथे डोब्युटामिन (हृदयाचा जोर वाढवणारं औषध) देऊन इको करतात, कमाल २० मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिटापर्यंत. प्रवाह वाढला, वेग ४ च्या वर गेला आणि क्षेत्रफळ १ च्या खालीच राहिलं तर झडप खरोखर सिव्हियर. क्षेत्रफळच वाढलं तर दोष मुख्यतः स्नायूचा.

ईएफ चांगला असूनही ग्रेडियंट कमी असेल, विशेषतः बीपी असलेल्या, जाड भिंतीच्या, छोट्या पोकळीच्या हृदयात, तर कॉन्ट्रास्ट न देता सीटी करून झडपेचा कॅल्शियम स्कोअर काढा. बायकांत १२०० च्या वर, पुरुषांत २००० च्या वर असेल तर सिव्हियर असण्याची शक्यता दाट. बायकांची मर्यादा कमी का? त्यांच्यात तेवढ्याच अडथळ्याला कॅल्शियम कमी आणि तंतुमय जाडपणा जास्त असतो. पुरुषांचा आकडा बायकांना लावला की "मॉडरेट आहे, सहा महिन्यांनी या" होतं.

रंकाळा_वॉकर

आम्ही डॉक्टर नाही, पण एक विचारतो. कोलेस्टेरॉलच्या गोळीने हा चुना, म्हणजे झडपेवरचं कॅल्शियम, विरघळत नाही का? आणि फुग्याने झडप उघडतात ना, मुलांची करतात तशी?

कॅथलॅब३

स्टॅटिनची, म्हणजे त्याच कोलेस्टेरॉलच्या गोळीची, आशा होती. २००५ चा साल्टायर आणि २००८ चा सीज, दोन्ही अभ्यासांत झडपेचा रोग थांबला नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्यांसाठी गोळी लागत असेल तर घ्यावी, झडपेसाठी नाही.

फुगा मुलांत चालतो, कारण तिथे पाकळ्या चिकटलेल्या असतात आणि सुट्या होतात. म्हाताऱ्या झडपेत चुना असतो. फुग्याने तो तडकतो, ग्रेडियंट काही महिने उतरतो आणि परत जागेवर येतो. फुग्याचा उपयोग इतकाच की आयसीयूत बीपी पडलेला पेशंट पुढच्या उपायापर्यंत पोचावा.

गावाकडचा_दवाखाना

एक महत्त्वाचं राहिलं. आपल्याकडे छातीत दुखलं की शेजारपाजारचं कुणीतरी जिभेखाली सॉर्बिट्रेट देतं. सिव्हियर स्टेनोसिसमध्ये याने बीपी एकदम कोसळू शकतं. झडपेतून बाहेर जाणारं रक्त वाढू शकत नाही आणि रक्तवाहिन्या सैल पडल्या की भरपाई कुठून होणार? घरात लिहूनच ठेवायला सांगा. लघवीच्या गोळीचंही तेच, पायाची सूज गेली तरी डोस वाढवत नेला तर हृदय रिकामं पडतं. आणि स्टेथोतून ऐकू येणारा कुरकुर आवाज बारीक झाला म्हणजे रोग कमी झाला असं नाही. हृदय थकलं की आवाजही मंदावतो.

भूलतज्ज्ञ_करवीर

यात भर: हर्निया, प्रोस्टेट, मोडलेलं खुब्याचं हाड यासाठी स्पायनल (पाठीच्या मणक्यात भूल) द्यायच्या आधी छातीवर स्टेथो ठेवा. एका डोसात दिलेल्या स्पायनलने पायाकडच्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात आणि वर लिहिलंय तेच होतं.

झडपेच्या ऑपरेशनला भूल देताना आमचे नियम ठरलेले असतात. नाडी ६० ते ८० मध्ये ठेवायची, लय बिघडू द्यायची नाही, बीपी उतरायच्या आत ते चढवणारं फिनाइलएफ्रिन किंवा नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हाताशी. शॉक देण्याचे पॅड भूल द्यायच्या आधीच छातीला चिकटवलेले असतात. कारण हृदय थांबलं तर बंद झडपेपुढे छाती दाबून रक्त फारसं पुढे जात नाही.

टाकेवाला

आता ऑपरेशन. नमुना केसवर माझं मत शेवटी देतो, आधी काय केलं जातं ते.

छातीचं हाड मध्यभागी कापून उघडायचं, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) देऊन पंपावर (हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रावर) घ्यायचं, महाधमनीला क्लॅम्प लावून हृदय थांबवायचं. उजव्या कोरोनरीच्या (हृदयालाच रक्त देणाऱ्या धमनीच्या) तोंडापासून दीड-दोन सेंमी वर महाधमनी आडवी किंवा तिरपी उघडायची. तिन्ही पाकळ्या कापून काढायच्या. ते पाच मिनिटांचं काम. खरा वेळ जातो कड्यातला (झडप ज्यावर बसते त्या गोल काठातला) चुना काढण्यात. व्हेंट्रिकलमध्ये (हृदयाच्या खालच्या कप्प्यात) गॉज ठेवून, सक्शन सतत चालू ठेवून, रॉन्जरने (चिमट्यासारख्या हत्याराने) कण-कण काढायचा आणि मग थंड सलाइनने धुवायचं. एक कण आत राहिला तर तोच मेंदूत जातो. अर्धवट काढला तर नवी झडप नीट बसत नाही आणि बाजूने गळते. फार खोल गेलं तर कडं फाटतं. उजवी आणि नॉन-कोरोनरी पाकळी जिथे भेटतात त्याच्या खालीच हृदयाचे ठोके चालवणारी विजेची तार जाते, तिथे टाका खोल गेला की हार्ट ब्लॉक आणि कायमचा पेसमेकर.

मग सायझर घालून माप. प्लेजेट (छोट्या कापडी गाद्या) लावलेले २-० चे टाके, साधारण १२ ते १५, कड्यातून आणि झडपेच्या शिवणपट्टीतून घ्यायचे, झडप खाली उतरवायची, दोन्ही कोरोनरीची तोंडं मोकळी आहेत ना ते डोळ्यांनी बघायचं आणि मगच गाठी. टिश्यू झडप (प्राण्याच्या ऊतीची) बाटलीतून थेट लावत नाहीत, ती रसायनात असते, कंपनीने सांगितल्याप्रमाणे सलाइनच्या वेगवेगळ्या वाडग्यांत धुवावी लागते. धुतल्यावर कोरडी पडू द्यायची नाही, मधूनमधून सलाइन शिंपडत राहायचं. महाधमनी ४-० प्रोलीनने दोन थरांत बंद.

पंपावरचा

पंपाच्या बाजूने या बाईंचा हिशेब मांडतो, कारण कमी वजन आणि कमी रक्त हे आपल्याकडे नेहमीचं आहे.

४८ किलोला, किलोमागे साधारण ६५ मिलीने, रक्त ३,१२० मिली. हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा टक्का) ३०. पंपाच्या नळ्यांत १,३०० मिली पाणी भरलेलं असतं. पंप सुरू झाला की हिमॅटोक्रिट ३० वरून २१ वर येतो. सुरुवात हिमोग्लोबिन ८ ने केली तर १७ वर, म्हणजे बाहेरचं रक्त द्यावंच लागतं. म्हणून ऑपरेशन तातडीचं नसेल तर आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघून शिरेतून लोह दिलेलं बरं. आम्ही आमच्याकडून छोटा ऑक्सिजनेटर, आखूड नळ्या घेतो आणि पेशंटच्याच रक्ताने उलटं प्रायमिंग (नळ्यांतलं पाणी काढून रक्त भरणं) करतो. प्रवाह २.४ गुणिले बीएसए १.५, म्हणजे मिनिटाला ३.६ लिटर. एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) ४८० सेकंदांच्या वर गेल्याशिवाय पंप चालू होत नाही.

हृदय थांबवायला डेल निडो द्रावण असेल तर किलोमागे २० मिली, कमाल १ लिटर, एका डोसात तासभर निवांत. झडप गळतही असेल तर महाधमनीच्या मुळात दिलेलं द्रावण कोरोनरीत न जाता सरळ व्हेंट्रिकलमध्ये सांडतं. तेव्हा महाधमनी उघडून थेट कोरोनरीच्या तोंडात द्यायचं किंवा मागच्या बाजूने कोरोनरी सायनसमधून (हृदयाच्या मोठ्या शिरेतून). जाड झालेल्या हृदयाला यात कंजुषी केली की पंपावरून सुटताना ते दगडासारखं घट्ट राहतं.

भूलतज्ज्ञ_करवीर

पंपावरून सुटतानाची एक उलटी गोष्ट सांगतो. झडप नवी, अडथळा गेला, तरी बीपी पडतं. हात सवयीने अ‍ॅड्रिनॅलिनकडे जातो. पण जाड भिंतीचं हृदय रिकामं असेल तर आतल्या भिंतीच एकमेकींना चिकटून रस्ता अडवतात आणि अ‍ॅड्रिनॅलिनने ते वाढतं. आधी अन्ननलिकेतून इको बघा. तसं दिसलं तर रक्त-सलाइन भरा, नाडी कमी करा, इनोट्रोप (हृदयाचा जोर वाढवणारी औषधं) बंद करा.

कॅथलॅब३

आता टावी, म्हणजे छाती न उघडता रक्तवाहिनीतून झडप बसवणं. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधल्या रुआँ शहरात अ‍ॅलन क्रिबिए यांनी पहिली झडप रक्तवाहिनीतून बसवली. सुरुवात ज्यांना ऑपरेशन झेपणारच नाही अशांपासून झाली. २०१० च्या पार्टनर अभ्यासात अशा पेशंटांमध्ये वर्षभरात टावी गटात ३०.७ टक्के दगावले, नुसत्या औषधोपचाराच्या गटात ५०.७ टक्के. २०१९ पर्यंत कमी धोक्याच्या पेशंटांतही टावी ऑपरेशनच्या तोडीस तोड ठरली.

सगळा खेळ सीटीवर. ईसीजीशी जुळवलेलं, एक मिलिमीटर किंवा बारीक कापांचं, महाधमनीच्या मुळापासून जांघेपर्यंत. त्यात बघायचं:

कड्याचं क्षेत्रफळ आणि परीघ, त्यावरून झडपेचा नंबर. कोरोनरीची तोंडं कड्यापासून किती उंच. १० मिमीच्या आत असतील आणि सायनस (महाधमनीच्या मुळातला फुगवटा) अरुंद असेल तर जुनी पाकळी तोंडावर लोटली जाऊन कोरोनरी बंद पडू शकते. कड्याखाली चुन्याचा गड्डा आहे का. असेल तर फुग्याने फुलवायच्या झडपेने कडं फाटायची भीती. जांघेतली धमनी ५ ते ५.५ मिमी तरी आहे का. आपल्याकडच्या ठेंगण्या बायकांत गाडी इथेच अडते.

बसवताना एका जांघेतून मोठी शीथ (झडप आत न्यायची नळी), दुसरीकडून पिगटेल (वाकड्या टोकाची बारीक नळी) नॉन-कोरोनरी पाकळीच्या तळाशी. तात्पुरत्या पेसमेकरने नाडी १८० ते २०० वर न्यायची म्हणजे हृदय क्षणभर फडफडतं, रक्त बाहेर पडत नाही आणि झडप हलत नाही. तेवढ्या १०-१५ सेकंदांत फुगवायची. डाव्या व्हेंट्रिकलमधली ताठ तार कॅमेऱ्याबाहेर गेली आणि टोक रुतलं की भोक पडतं. एक माणूस फक्त त्या तारेवर नजर ठेवायला असावा.

वापीत तयार होणारी मायव्हाल ही झडप दीड-दीड मिलिमीटरच्या मधल्या मापांतही मिळते. आपल्या छोट्या कड्यांना ते सोयीचं.

टाकेवाला

+१, पण "तोडीस तोड" म्हणताना त्या अभ्यासांत कोण नव्हते तेही सांगा. सीटीवर दोन पाकळ्यांची झडप दिसलेले बहुतेक बाहेर ठेवले होते. आपल्याकडे ६५ च्या आतल्या पेशंटांत अशी झडप भरपूर. शिवाय संधिवाताच्या तापाने खराब झालेली झडप, जिच्यासोबत मायट्रलही (हृदयातली दुसरी झडप) गेलेली असते. तिथे टावीने अर्धंच काम होतं.

आता नमुना केस. मी ऑपरेशनच्या बाजूने, आणि कारण पहिल्या झडपेत नाही, दुसऱ्या झडपेत आहे. ६६ व्या वर्षी लावलेली टिश्यू झडप साधारण १० ते १५ वर्षं चालते. म्हणजे ७८-८० व्या वर्षी दुसरी लागणार. त्या वयात परत छाती उघडायची नसेल तर जुन्या झडपेच्या आत टावी बसवायची. आणि ती बसायला जुनी झडप मोठी हवी.

या बाईंचं कडं छोटं. १९ नंबर लावला तर तिचं आतलं खरं तोंड १७ मिमीच्या आसपास. आजच ती कमी पडते: १.१ चौ. सेंमी भागिले १.५ म्हणजे ०.७३, आणि ०.८५ च्या खाली गेलं की झडप शरीराला अपुरी म्हणतात. उद्या त्याच्या आत अजून एक झडप घातली तर ग्रेडियंट जिथून निघालो तिथेच. म्हणून पहिल्याच ऑपरेशनला कडं मागच्या बाजूने चिरून, पॅच लावून रुंद करायचं आणि २३ नंबर बसवायचा. निक्सने १९७० ला दाखवलेली पद्धत आहे, आता वाय आकाराच्या चिरेने दोन-तीन नंबर मोठी झडप बसते. क्लॅम्पचा वेळ वाढतो, हे खरं. ज्या टीमला याची सवय नाही त्यांनी पहिला प्रयोग या बाईंवर करू नये, हेही खरं.

कॅथलॅब३

तुमचा मुद्दा मान्य, निष्कर्ष अर्धाच मान्य. छोट्या कड्यात कड्याच्या वर पाकळ्या असलेली स्वतः फुलणारी टावी झडप चांगला ग्रेडियंट देते. २०२४ च्या स्मार्ट अभ्यासात ७१६ पेशंट, त्यांत ८७ टक्के बायका आणि कडं ४३० चौ. मिमीपर्यंत. सगळ्या ठिकाणी कडं रुंद करणारा सर्जन मिळतो का? नाही. मग १९ नंबर लावून परत पाठवतात, ते सगळ्यात वाईट.

अडचण दुसऱ्या टप्प्याची, ते कबूल. उंच जाळीच्या टावीत दुसरी टावी घातली की पहिलीच्या पाकळ्या जाळीला चिकटून आतून भिंत तयार होते आणि सायनस अरुंद असेल तर कोरोनरीकडे रक्त जायला वाट राहत नाही. आणि टावी काढायचं ऑपरेशन म्हणजे महाधमनीला रुतलेली जाळी सोलणं. म्हणून ६५ ते ८० च्या मधल्या माणसाला सीटी समोर ठेवून दुसरी झडप कागदावर बसवून बघावी आणि मगच पहिली निवडावी. पेसमेकरही सांगावा लागतो: पार्टनर ३ मध्ये ३० दिवसांत टावीनंतर ६.५ टक्के, ऑपरेशननंतर ४. स्वतः फुलणाऱ्या झडपेच्या इव्होल्यूट अभ्यासात १७.४ विरुद्ध ६.१.

टाकेवाला

"कागदावर दुसरी आधी बसवा" याच्याशी पूर्ण सहमत. बाकी वयाच्या रेषा देशागणिक वेगळ्या आहेत: अमेरिकन २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ६५ च्या आत ऑपरेशन, ८० च्या वर टावी, मधल्यांनी चर्चा. युरोपची २०२१ ची रेषा ७५ होती, २०२५ ला ७० वर आली. आपल्याकडे त्याच वयाला शरीर जास्त झिजलेलं असतं, तेव्हा जन्मतारखेपेक्षा खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का ते बघा.

रंकाळा_वॉकर

धातूची झडप जन्मभर टिकते म्हणतात. मग तीच का नको?

दसरा_चौक_फार्मसी

टिकते, पण अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफरिन (रक्त गोठू न देणारी गोळी) जन्मभर. साधारण ५० च्या आत, युरोपात ६० च्या आत, धातूची देतात. आपल्याकडे त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली टीटीके चित्रा झडप १९९० पासून वापरात आहे आणि आयात झडपांपेक्षा स्वस्त आहे. पण निवड करताना एकच प्रश्न विचारा: आयएनआर (या गोळीने रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा) तपासायची लॅब घरापासून किती लांब? पावसाळ्यात रस्ते तुटणाऱ्या वाडीतल्या माणसाला धातूची झडप देताना दोनदा विचार हवा.

अ‍ॅओर्टिक जागेच्या नेहमीच्या दोन पाकळ्यांच्या धातूच्या झडपेला आयएनआर २ ते ३. सोबत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची बिघडलेली लय) वगैरे असेल तर २.५ ते ३.५. गोळी संध्याकाळी ठरलेल्या वेळी, तपासणी सकाळी, म्हणजे डोस त्याच संध्याकाळी बदलता येतो. विसरलात तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही. अ‍ॅसिट्रॉमचा असर लवकर उतरतो, दोन दिवस चुकवले की झडपेवर गुठळीचा धोका येतो.

आकडा अचानक वेडावाकडा आला तर आधी नमुना बघा. निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरलेली नसेल तर नळीतलं सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य) रक्ताच्या मानाने जास्त होतं आणि आयएनआर खोटाच जास्त दिसतो. लॅब शक्यतो एकच ठेवा.

भाजीचं: मेथी, पालक, शेपू, अंबाडी बंद करू नका, आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवा. नवरात्रात नऊ दिवस उपास धरला की पालेभाजी बंद, जेवण कमी, आणि आयएनआर वर. उपासाच्या आधी आणि मध्ये एकदा तपासा. जुलाबाला मेट्रोनिडॅझोल, लघवीच्या इन्फेक्शनला को-ट्रायमोक्सॅझोल, बुरशीला फ्लुकोनॅझोल, तिन्हींनी आयएनआर उडतो. टीबीच्या रिफॅम्पिसिनने उलटा खाली येतो. गुडघेदुखीला डायक्लोफिनॅक नको, पॅरासिटॅमॉल.

आणि "नवीन गोळीला तपासणी लागत नाही" म्हणून कुणी डॅबिगॅट्रान किंवा एपिक्साबान बदलून दिलं तर थांबा. धातूच्या झडपेवर दोन्हींची चाचणी झाली आणि दोन्ही थांबवावी लागली, डॅबिगॅट्रानची तर गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे.

गावाकडचा_दवाखाना

मूल हवं असलेल्या तरुण मुलींबद्दल?

टाकेवाला

तो वेगळ्या धाग्याचा विषय. इतकंच की वॉरफरिनचा बाळाला धोका सहाव्या ते बाराव्या आठवड्यात सर्वांत जास्त, म्हणून झडप निवडतानाच तिला आणि घरच्यांना समोर बसवून हे बोलावं, लग्न ठरल्यावर नव्हे.

आणखी एक, जे सहीच्या कागदावर बारीक अक्षरात असतं: टिश्यू झडप गाईच्या किंवा डुकराच्या ऊतीची असते. आधी स्पष्ट सांगा. काही घरांत यावर निर्णय बदलतो, आणि तो त्यांचा हक्क आहे.

दातांचा_विभाग

किडलेल्या दाढा झडपेच्या आधी. ओपीजी (सगळ्या दातांचा एक्स-रे) काढून मुळाशी पू असलेले दात आधीच काढून टाका, जखम भरायला वेळ द्या. नंतर हिरड्यांतून रक्त येईल अशा प्रत्येक कामाआधी ३० ते ६० मिनिटं अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम एकदाच. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ. टावी असली तरी हेच. मिसरी सोडवा. ती हिरड्या सोलते आणि तोंडातले जंतू रक्तात जायला दार उघडं राहतं.

इको_रूम

याला जोडून: झडप बदललेल्या माणसाला कारण न सापडणारा ताप आला तर आधी तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून ब्लड कल्चर, मग अँटिबायोटिक. पहिल्याच दिवशी सेफिक्झिम दिलं की कल्चर कोरं येतं आणि झडपेवर जंतू वाढत राहतात.

डिस्चार्जनंतर साधारण एक ते तीन महिन्यांत बेसलाइन इको कराच. पुढे ग्रेडियंट वाढला तर कशाशी तुलना करणार?

कागदपत्र_ताई

पैशाचं थोडक्यात. महात्मा फुले योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र आहेत, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. ७० च्या वरच्यांना उत्पन्नाची अट न ठेवता वय वंदना कार्ड, २०२४ च्या ऑक्टोबरपासून. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. भरतीच्या आधी त्याच्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: नेमकं कुठलं पॅकेज, त्यात झडपेची किंमत धरली आहे का, आणि कडं रुंद केलं तर जास्तीचं कोण देणार. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते काम आजच करा. "बाई" आणि "ताई" च्या फरकाने मंजुरी अडकते.

रंकाळा_वॉकर

शेवटचं विचारतो. धातूच्या झडपेची टिकटिक ऐकू येते म्हणतात. रात्री झोपताना त्रास होतो का? आणि एमआरआय चालतो का?

कॅथलॅब३

एमआरआय सध्याच्या बहुतेक सगळ्या झडपांना चालतो, झडपेचं कार्ड सोबत न्या. त्यावर कंपनी, नंबर आणि तारीख असते. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, घरातल्या अजून एकाच्या फोनमध्येही.

टिकटिकीची सवय होते. खरी काळजी ती ऐकू येईनाशी झाली तर. आवाज दबका झाला किंवा बंद झाला, आणि दम लागतोय, तर झडपेवर गुठळी बसलेली असू शकते. सकाळपर्यंत थांबू नका, आयएनआरच्या रिपोर्टची वाट बघू नका. कॅथलॅब असलेल्या दवाखान्यात जा आणि दारातच सांगा, "धातूची झडप आहे, आवाज बंद झालाय." नुसत्या एक्स-रे स्क्रीनखाली पाकळ्या हलतात की अडकल्यात ते मिनिटाभरात दिसतं. जाताना अ‍ॅसिट्रॉमची वही सोबत घ्या.